रेस दिली की खोकते

७ नोव्हेंबर, शुक्र.
आज पण तेच. ह्यांच्या जुन्या मोटरसायकलला किक मारली, चालू झाली. नुसती उभी असली की मांजरीसारखी गुरगुरते. गिअर टाकून जरा रेस दिली की खोकते. भुक्, भुक्, गप्प. बोर्डीच्या वळणावर मागे एसटी, पुढे गाय, मधे मी. माझं लायसन शिकाऊ, म्हणून मागे लायसनवाला माणूस बसवावा लागतो. दीर तेवढ्या एका कामाला मिळालेत. डोळे मिटून पुटपुटत होते. म्हटलं, "भाऊजी, देवाचं नाव मोठ्याने घ्या, मला पण उपयोग होईल."
"वहिनी, मी उतरतो."
उतरले पण. गेले चालत.

८ नोव्हें.
लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात घोळणार नाही. शिकाऊ लायसन ९ डिसेंबरला संपतं. आरटीओचा कँप डहाणूला ३ डिसेंबरला, त्याच्या पुढचा थेट जानेवारीत. म्हणजे चान्स एकच. आठचा आकडा काढायचा, पाय टेकला की नापास. आठ काढताना रेस हळूहळू द्यायची, आणि हिला नेमकं हळू दिलेलं चालत नाही. जोरात पिळली की पळते. माझंच वळण लागलंय, हळू बोललेलं ऐकू येत नाही.

आमच्या बचत गटाची रेखाताई आज परत बोलली, "सुनंदा, चिकूच्या चिप्स तलासरी नाक्यावर आणि विवळवेढ्याला पोचवायची फेरी तुला. पण लायसन दाखव. नाहीतर मधू टेंपोवाल्याला सांगते." मधू पाकिटांवर बसून गाडी चालवतो बहुतेक, तिकडे चुराच पोचतो.
हे गेल्यापासून चार वर्षं ताडपत्रीवर बसून चिकूच्या फोडी उलटतेय. मला फेरी पाहिजे. बस्स.

११ नोव्हें., मंगळ.
उंबरगावच्या वाटेवर रमणभाई मेकॅनिककडे. बघितलं न बघितलं, "बेन, कारबेटरमां कचरो." ह्यांच्या मागे गाडी चार वर्षं पडवीत उभी, पेट्रोलचा गोंद झाला म्हणे. उघडलं. आत एक जेट, त्याचं भोक तिळाच्या डोळ्याएवढं, तिळाला डोळा असता तर. फुंकर मारली, हवा मारली, प्लग बदलला. हवेचा स्क्रू पूर्ण आवळून दोन आटे सोडला.
"लिहून ठेवा, बेन. दोन आटे."
लिहिलं. दोन आटे.
परत येताना झाईपर्यंत लोण्यासारखी आली. घराच्या दारात वळवायला रेस दिली. भुक्.

१४ नोव्हें.
ज्याला गाडी दिसते तो स्क्रू फिरवतो. भाऊजींनी अर्धा आटा आत. पोस्टमनने अर्धा बाहेर. बर्फवाला बर्फ उतरवायचा सोडून आला, "ताई, पाव आटा द्या, पाव," आणि स्वतःच दिला. ह्यांच्या वेळी कोणाची हात लावायची छाती नव्हती. गाडी बाईची असली की स्क्रू गावाचा.
संध्याकाळी सगळं आवळून परत दोन आटे. खोकला तोच.

१६ नोव्हें., रवि.
आज शोध लागला, आणि मला लागला. गाडी गरम असताना चोक अर्धा ओढून ठेवला तर खोकत नाही. अंगणात तीन फेऱ्या मारल्या. भाऊजी म्हणाले, "मग चोक ओढूनच परीक्षा द्या." धूर एवढा की सासूबाई आतून, "मच्छर मारतेस का गं?"
रमणभाईला फोन. "चोकवर चाले? तो बेन, कचरो नथी. हवा वधारे खाय छे." म्हणजे कचरा नाही, हवा जास्त खाते. कुठून खाते ते बघायला बुधवारी आणा.
म्हणजे जेट उघडलं, प्लग बदलला, पाच दिवस गेले ते फुकटच.

१९ नोव्हें., बुध.
रमणभाईने गाडी चालू ठेवली आणि बाटलीने थोडं थोडं पाणी उडवत गेला. इथे, तिथे, काही नाही. कारबेटर आणि इंजिनाच्या मधे रबराची आखूड नळी आहे, तिच्यावर उडवलं आणि आवाज बदलला. परत उडवलं, परत बदलला. नळी खालच्या अंगाने फाटलेली, नख जाईल एवढी. तिथून हवा ओढते.
"अहीं कांई चोंटाडेलुं हतुं, चिकटवलेलं. डाग आहे बघा. कोणी काढलं?"
मी आभाळाकडे बघितलं.
दसऱ्याला गाडीला हार घालायचा म्हणून मी घासली होती. काथ्या, सोडा, गरम पाणी. त्या नळीवर काळं चिकट काहीतरी होतं, चिंधी अडकलेली. शी! म्हटलं, चार वर्षांचा मळ. अर्धा तास घासलं. शेवटी सुरीने खरवडलं. केवढी चमकली होती! फोटो पण काढला.
रमणभाईला म्हटलं, "उंदराने खाल्लं असेल."
तो म्हणाला, "उंदीर बहु चोख्खो हतो, बेन."

२० नोव्हें.
सासूबाईंना सांगितलं. शेंगा सोलत होत्या, मान पण वर केली नाही.
"मळ नव्हता तो. चिकूचा चीक. तुझ्या नवऱ्याने लावला होता, चिंधी गुंडाळून."
"तुम्हाला माहीत होतं?"
"हो. ह्याच पडवीत बसून लावला."
"मग मी दसऱ्याला खरवडत होते तेव्हा का नाही बोललात?"
"सून आपण होऊन काही साफ करत असली की मधे बोलू नये."
काय करू ह्या बाईचं. हसले आधी. मग मागे जाऊन भांडी आपटली. सुरीने खरवडलं मी ते. सुरीने.

२२ नोव्हें., शनि.
नवीन रबर इथे मिळत नाही, मॉडेल जुनं. वापीहून मागवलंय. "पांच तारीखे आवी जशे." कँप तीनला! म्हटलं रमणभाई, दोन दिवस आधी मागवलं असतं तर. तो म्हणाला, बेन, उंदराने दोन महिने आधी सांगितलं असतं तर.
ह्या माणसाशी बोलायचं नाही ठरवलंय, रबर येईपर्यंत.

२४ नोव्हें.
आपणच चीक लावायचा. वाडीतले कच्चे चिकू तोडले, देठाशी पांढरा चीक गोळा केला. बोटं एकमेकांना चिकटली, केस चिकटले, चिंधी सोडून सगळं चिकटलं. तासाभराने गाडी चालू केली, गरम झाल्यावर पट्टी घसरून खाली लोंबली.
भाऊजी, "चांगली वात झालीय. दिवा लावा."
त्यांना जेवायला उशिरा वाढलं.

२७ नोव्हें., गुरु.
सासूबाईंना शेवटी राहवलं नाही. "फळाचा कोण घेतं? खोडाचा घ्यायचा, पहाटे. आणि एकदम थापायचा नाही." कोयत्याने मागच्या झाडाला चीर दिली, खाली करवंटी धरून बसल्या. वय अठ्ठ्याहत्तर. एक पातळ हात, वर सुती चिंधी, वाळू द्यायची, परत हात. असे पाच. मधे घाई केली तर हातावर चापट.
"त्याला पण मारली होती," म्हणाल्या.
दोन दिवस किक मारायची नाही. कोणी बघायला आलं तर सांगायचं गाडी आजारी आहे.

३० नोव्हें., रवि.
किनाऱ्याच्या रस्त्याला भाऊजींना मागे बसवून. हळू रेस. गेली! थांबवली, परत हळू. गेली. सुरूच्या झाडांमधून आठ काढले, अकरा वेळा, त्यातल्या नऊ वेळा पाय टेकला नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चक्कर येते." म्हटलं मला पण येते, आनंदाने.
दुपारी पट्टीला हात लावून बघितला. ऊन होतं, कडेने थोडी मऊ लागली.

२ डिसेंबर, मंगळ.
उद्या कँप. आणि आज भाऊजींनी मला न सांगता 'मदत' केली. बंद पडू नये म्हणून आयडलिंग वाढवून ठेवलं. सकाळी किक मारली तर गाडी बसल्या जागी डरकाळी फोडतेय, क्लच सोडला तर मला घेऊन कुंपणात. कोपर खरचटलं. "भाऊजी, हात पुढे करा, दाव्याने बांधते."
सगळं परत जागेवर आणायला दुपार गेली. दोन आटे. दोन आटे. कारबेटरभोवती जुनं लुगडं गुंडाळून ठेवलंय. नवऱ्या मुलीसारखी झाकली.

३ डिसें., बुध.
मैदानात सगळी पोरंच. मी एकटी साडीवाली. गाडी झाडाखाली लावून पट्टीवर ओला रुमाल ठेवून बसले, पोरं बघत होती. एक म्हणाला, "काकू, ताप आलाय का तिला?" म्हटलं, "हो, तुझ्याकडे बघून."
माझा नंबर दीड वाजता आला, डोक्यावर ऊन. रुमाल काढला. निघाली, हळू, सुंदर. पहिलं गोल झालं. मधल्या फुलीवर रेस सोडून परत दिली आणि भुक्. एकदाच. डाव्या अंगाला कलली. पाय खाली गेला. म्हणजे चप्पल गेली. चप्पल जमिनीला घासून तिथेच राहिली, पाय मी उचलला. अनवाणी दुसरं गोल काढलं, बंद न पडता.
साहेब, "पाय टेकला."
"चप्पल टेकली, साहेब. पाय वरच होता. चप्पल बघा कुठे आहे, पाय बघा कुठे आहे."
पोरं हसली. साहेबांनी चप्पल बघितली. पाय बघितला. काहीतरी लिहिलं, बराच वेळ. "मोबाईलवर येईल निकाल. पुढचा!"

४ डिसें., गुरु.
मेसेज नाही. रेंज विहिरीच्या कठड्यावर येते, सकाळपासून तिथेच. दोनदा वाजला. एकदा गॅसवाले, एकदा रमणभाई: रबर आजच आलं. आज!
रेखाताईने निरोप पाठवला, संध्याकाळपर्यंत सांग, मधूला कळवायचंय. काय सांगू, चप्पल पास आणि पाय नापास?
सासूबाई काठी टेकत विहिरीवर आल्या.
"पास झालीस तर मला विवळवेढ्याला महालक्ष्मीला ने."
"आणि नापास झाले तर?"
"तरी ने."
"लायसन नाही, पोलिसाने अडवलं तर काय सांगू?"
"सांग, सासूला घेऊन चाललेय. तोच रडेल, सोडेल."
फोन परत वाजला. ओल्या हातांनी घेतला. भाऊजींचा, घरातूनच. गाडीला जरासा पाव आटा देऊ का म्हणून विचारतायत.