बेल किती उंचीवर

दिवा,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. हेमांगीस,

अनेक आशीर्वाद. सान्वीला गोड पापा. शहाडला तुझे आईबाबा बरे असतील. मी ठीक आहे. टँकर एक दिवसाआड येतो. गुडघा दुखतो, पण बादली वर आणता येते.

फोनवर आपण दोघी पाण्याबद्दलच बोलतो, म्हणून लिहिते आहे. काम एकच. सान्वीची उंची हवी आहे.

आपली इमारत पडली त्या जागेवर दिवाळीपर्यंत लोक कचरा टाकत होते. आता चित्रकला शिकणारी काही मुलं येतात. त्यांनी आणि आपल्या लोकांनी मिळून राडारोडा हलवला. ढिगाऱ्यातल्या लाद्यांचे तुकडे लावून कट्टा केला. त्यात आपल्या ओट्याची हिरवी लादी आहे. मी तिच्यावर बसत नाही, शेजारी बसते.

रात्रपाळी करून माझा विनीत त्या दुपारी घरात झोपला नसता तर वाचला असता, असं मी आता म्हणत नाही. थकले.

मागची कुंपणाची भिंत उभी आहे. तिच्यावर प्रत्येक घराने आपापलं दार रंगवायचं ठरलं. मी आधी नाही म्हटलं. भिंत छान दिसली की लोक म्हणणार, झालं यांचं. घरं कधी मिळणार, ते कोणी विचारणार नाही. मुलांमधला मितेश म्हणाला, "आजी, ते बरोबर आहे. पण डबा उघडलाय, रंग सुकून जाईल."

मी ब्रश घेतला.

शेजारच्या सगुणाने तिच्या दाराला पाच कुलपं काढली. माझं दार बघून म्हणाली, "काय गो माधवी, तुजे दाराला कडीच नाय? चोर येतील ना!" सगळे हसले. मीही हसले. मग ब्रश धुताना तिने हळूच विचारलं, "सुनेचा ठरला म्हनं?"

मी म्हटलं, "पाणी बदल. रंग मळतोय."

तिची नणंद तुमच्याच गल्लीत राहते, विसरलीस का? मुलाचं नाव जयेश, वागळे इस्टेटला कामाला आहे, हे तिने मी न विचारता सांगितलं. तू मला सांगितलं नाहीस याचा राग नाही. तुझ्या जागी मीही पाण्याबद्दलच बोलले असते.

कर लग्न. मनापासून सांगते. दीड वर्षं तुला नुसतं चि. लिहिताना हात थांबतो. पुन्हा चि. सौ. लिहायला मिळालं तर बरंच वाटेल.

भीती आहे ती वेगळी. गणपतीनंतर सान्वी इकडे आली नाही. आधी सर्दी, मग परीक्षा, मग शाळेचं गॅदरिंग. उद्या तिचं नवं घर असेल, तिथे नवी आजी असेल. चांगलंच आहे ते. तिला आजी म्हणून कोणाला दाखवायचं, हे तेव्हा तुझ्या एकटीच्या हातात नसेल.

मितेशने विचारलं, बेल कुठे काढू? आपली बेल उंच होती. विनीत सान्वीला उचलून धरायचा आणि ती बेलवरून बोट काढायचीच नाही. तू आतून ओरडायचीस, "अरे पुरे, बहिरी होईन मी!" मी मितेशला म्हटलं, खाली काढ. तिला उचलणारं आता इथे कोणी नाही, माझ्याने होणार नाही.

"किती खाली?" त्याने विचारलं.

मी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. माझ्या हाताला तिची गणपतीतली उंची ठाऊक होती. आताची नाही.

तो येत्या रविवारी बेल काढणार आहे. सान्वीला भिंतीला टेकवून उभी कर, हात वर करायला सांग आणि बोटापर्यंत मोजून कळव. टाचा उचलू देऊ नकोस, लबाड आहे.

जयेशना सांग, दाराच्या आत खोली नाही. पण कट्टा आहे, चौघांना बसता येतं. रविवारी तुम्ही तिघं आलात तर मोजायची गरज पडणार नाही.

तू मला यापुढे काय म्हणायचं ते तू ठरव. मी मात्र आहे तीच,

सान्वीची आजी
माधवी