उघड्या झांजा, बंद आवाज

शुक्रवार, संध्याकाळ. अल बर्शा.

ड्रमसेटमधल्या हाय-हॅटच्या दोन झांजा उघड्या असताना आवाज बंद झांजांसारखा तुटक कसा येईल? येऊच शकत नाही. डावा पाय पेडलवर दाबला की आखूड ‘चिक्’, उचलला की आवाज लांब पसरतो. मुलांना मी हे पहिल्याच तासाला शिकवतो. आज आमच्या बँडच्या तालमीत नवा प्रयोग म्हणून ध्रुवपदाला पाय उचलला, तर स्पीकरमधून ‘चिक्, चिक्’ चालूच.

मी वाजवायचा थांबलो. तरीही चालूच.

कीबोर्डवर इम्तियाज होता. रत्नागिरीचा, इथे आखातात बारा वर्षांपासूनचा मित्र. त्याने लॅपटॉप मिटला. “अरे, तुझा पाय जरा मागे पडतो. म्हणून हाय-हॅट आधीच रेकॉर्ड करून ट्रॅकवर टाकलं, तुझ्या हाय-हॅटचा माइक बंद ठेवला.”

“कधीपासून?”

“गणपतीच्या शोपासून. लोकांना काय कळतं, हबीबी? टाळ्या तर तुलाच मिळाल्या ना!”

त्या टाळ्या मी आईला फोनवरून ऐकवल्या होत्या.

पाय मागे पडत असेलही. पण बारा वर्षांत एकदा तोंडावर सांगता आलं नसतं? मी सुधारला असता. रोज दुसऱ्यांचे पाय सुधारतो, स्वतःचा नसता सुधारला? आणि तरीही, ते ऐकून घेतल्यावर मी गाणं निमूटपणे पूर्ण केलं. का केलं?

यापुढे प्रत्येक तालमीत एक चाचणी. गाणं रंगात असताना डावा पाय अलगद उचलायचा. आवाज पसरला, तर तो आपला. नाही पसरला, तर काठ्या पिशवीत भरायच्या आणि घरी यायचं.