साडेसातशे वॅटचा पॉवर सप्लाय

ओमभाऊजी,

दिवसकार्य उरकलं, म्हणून मी अण्णांबरोबर राजूरला माहेरी जातेय. तुमचं दार बंद होतं, उठवलं नाही. भाकरी टोपल्यात आहेत. आईंची गोळी जेवणानंतरची आहे.

कॉम्प्युटरच्या खोक्याजवळ नवा पॉवर सप्लाय ठेवलाय, साडेसातशे वॅटचा. दादांनी आणलेला साडेचारशेचा परत देऊन काल नगरला जाऊन मीच बदलून आणला. दुकानदार म्हणाला, "तुमचं ग्राफिक्स कार्ड एकटंच तीनशे वॅट खातं. साडेचारशेवर गेम रंगात आला की मशीन बंद पडणार." म्हणजे तुमचंच बरोबर होतं.

तुमच्या दादांनाही ते पटलं होतं. त्यावरून तुमचं भांडण झालं, त्या दिवशी गाडीला किक मारता मारता मला म्हणाले, "ओमचं खरंय. संध्याकाळी आल्यावर सांगतो त्याला." संध्याकाळी त्यांना ॲम्ब्युलन्समधून उतरवलं. सगळे रडत होते, त्यात हे कसं सांगायचं ते मला कळलं नाही. नंतर तोंडच उघडेना.

सगळे भाग जोडून घ्या, तसेच पडू देऊ नका. चालू झाला की मला फोन करा. मी काही बोलले नाही, तरी फोन ठेवू नका.

स्नेहलवहिनी