कॅम्परचा हिच आणि गिरीश यांची सही

मी, सुलेखा अनिल निमकर, वय चौऱ्याहत्तर, राहणार शॉमबर्ग, इलिनॉय, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. स्मृती शाबूत आहे. शंका असल्यास कलम दोन पाहावे. त्यातले आकडे कागद न बघता लिहिले आहेत.

कलम एक. घर व बँकेतील शिल्लक मुलगा राज याला. समईही त्यालाच. तो लावणार नाही, पण टाकणारही नाही.

कलम दोन. कॅम्पर (ट्रकमागे ओढायचे चाकांवरचे घर), पिकअप ट्रक आणि दोघांना जोडणारा, ताणलेल्या दांड्यांनी भार ट्रकच्या सगळ्या चाकांवर वाटणारा वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. हा हिच मी निवडला. दुकानातला विक्रेता माझे पती कै. अनिल यांच्याशीच बोलत होता. अनिल म्हणाले, "तिला सांगा. मी नुसता चालवतो."

माहितीपत्रकात हिचवर पडणारे वजन साडेचारशे पाउंड होते, म्हणून विक्रेता हलक्या दांड्यांचा हिच देत होता. ते वजन रिकाम्या कॅम्परचे. आमचा कॅम्पर रिकामा कधी निघणार? दुसऱ्या दिवशी मी तांदूळ, कणकेचा डबा, दोन कुकर, मिक्सर आणि पाण्याचे कॅन दुकानात नेले, कॅम्परच्या पुढच्या कप्प्यात भरले आणि पुन्हा वजन करायला लावले. सहाशे चाळीस. मी आठशे पाउंड पेलणारा हिच घेतला.

अनिल यांचे मित्र गिरीश सामंत सोबत होते. ते हसले. "वहिनी, कॅम्पर ओढायचाय, पूल नाही बांधायचा!"

पुण्यात सहा वर्षे मी पुलांचेच आराखडे तपासत होते. आता लिहून ठेवते.

गिरीश यांनी तसाच कॅम्पर घेतला, हिच माहितीपत्रकावरून. पहिल्याच सहलीला चौदा जणांचा शिधा भरून विस्कॉन्सिनला निघाले. ट्रकचा मागचा भाग खाली बसला, पुढचा उचलला गेला, स्टिअरिंग हलके पडले. वाटेतल्या रॉकफर्डहून परत फिरले. मराठी मंडळात सांगितले, "हवा खराब होती." आम्ही त्यांच्या मागेच होतो. ऊन होते.

कलम तीन. राज म्हणतो, "आई, विकून टाकू या. कोण चालवणार?" नात आन्या चालवेल. अट अशी घालणार होते की तिने कॅम्पर एकटीने जोडून दाखवावा. न जमल्यास राजने विकावा. ट्रकच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची तीनदा मोजायची: जोडण्याआधी, जोडल्यावर, दांड्या ताणल्यावर. तिसरे माप पहिल्याजवळ यायला हवे.

गेल्या शनिवारी तिने ते केले. मी खुर्चीत बसून होते. पहिल्या खेपेला दांडी ताणणाऱ्या साखळीची एक कडी सैल राहिली.

"आजी, डोन्ट से एनीथिंग."

तिने सगळे सोडून पुन्हा जोडले. पस्तीस इंच, सव्वाछत्तीस, सव्वापस्तीस.

अट काढून टाकत आहे. तिन्ही वस्तू आन्याच्या. माझी शिवणाची टेपही.

कलम चार. गिरीश यांना काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले, आणि मला त्यांची सही हवी होती. हे कलम ते समोर बसलेले असताना लिहीत आहे. कलम दोन त्यांनी दोनदा वाचले.

"वहिनी, ते ऊन राहू द्यायलाच हवं का?"

"हो."

त्यांनी पेन मागितले आहे.

लिहून देणार: सुलेखा अनिल निमकर
आमच्यासमोर सही झाली, मजकूर वाचला:
१. गिरीश सामंत (ऊन होते.)
२. सावनी देव, शेजारी
शॉमबर्ग, ९ मे २०२५