दुसरी खुर्ची

प्रिय मास्तर,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला वाटेल, हिचं काहीतरी बिघडलं असणार. बिघडल्याशिवाय मी कधी तुला हाक मारली होती? पण आज सगळं सुरळीत चालू आहे आणि तरीही हे पत्र लिहवत नाही. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा. हा फाडायचा नाही असं ठरवून बसले आहे.

मंगळवारी सकाळी साडेदहाला आपल्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतला मुख्य संगणक बसला. त्यात नवे प्रोग्राम भरणं चालू असताना वीज गेली आणि बॅटरीनेही ऐन वेळी हात वर केले. वीज आली, संगणक उठला, पण यादी गेली होती. आपल्यात कोणकोणते प्रोग्राम आहेत हे ज्या यादीवरून त्याला कळतं, ती अर्धी कोरी, अर्धी कचरा. रक्त काढणाऱ्या ताईंना मी सांगितलं, घरातलं सामान जागच्या जागी आहे, पण घरधनीच विसरलाय की आपल्याकडे काय काय आहे. काहीही विचारलं की नाही म्हणायचा, आणि नवं भरू म्हटलं की सगळं पहिल्यापासून भरायला निघायचा. तसं झालं असतं तर तपासणीच्या यंत्रांशी वर्षानुवर्षं जुळवून ठेवलेलं सगळं पुसलं गेलं असतं. बाहेर बाकावर चौदा माणसं दंडाला कापूस दाबून बसलेली, आणि ऑपरेशन थिएटरमधून दर पाच मिनिटांनी फोन. ताई हाताने रिपोर्ट लिहीत होत्या.

तू मला उगाच घाईबाई म्हणत नव्हतास. भीती वाटली की माझी बोटं डोक्याच्या आधी चालतात. मी आज्ञा लिहिलीसुद्धा, माझ्या नेहमीच्या शेपटासकट. आठवतं ना ते शेपूट? संगणकाने मध्येच थांबून हे करू का, ते करू का विचारू नये म्हणून मी आज्ञेच्या शेवटी एक अक्षर जोडून आधीच सगळ्याला हो म्हणून टाकायचे, आणि तू कपाळावर हात मारायचास. तू एकेका प्रश्नाला, चहा गार होईपर्यंत विचार करून उत्तर द्यायचास. आणि तुझा तो नियम. शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी बसून पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचल्याशिवाय कळीला हात लावायचा नाही. सगळे तुला हसायचे. तू इथून गेल्यावर त्या खुर्चीवर मी फाइली रचल्या. इतक्या, की खाली खुर्ची आहे हेही दिसू नये.

मंगळवारी शेवटची कळ दाबायच्या आधी मला त्या फाइली दिसल्या आणि हात थांबला. यादीची रोज एक नक्कल संगणक आपणहून एका कोपऱ्यात ठेवतो, हे तूच शिकवलेलं. त्या कोपऱ्यात मी कधी गेले नव्हते. संगणक तीनदा बदलला, पण दर वेळी तो कोपरा न उघडता, गाठोडं उचलावं तसा नव्यात आणून टाकला. तिथे गेल्या सात दिवसांच्या नकला होत्या, आणि सर्वांत खाली तुझं टिपण. त्यावरची तारीख तुझ्या इथल्या शेवटच्या दिवसाची.

पहिली ओळ होती, घाईबाई, आधी हात मांडीवर ठेव. मी खरंच ठेवले. पुढे तू एकेक पायरी लिहिली होतीस. बिघडलेली यादी टाकू नकोस, बाजूला ठेव. कालची नक्कल उघडून शेवटपर्यंत वाच, मगच जागेवर ठेव. त्यानंतर काय काय भरलं गेलं ते नोंदींमध्ये बघ आणि तेवढंच पुन्हा भर. खुर्चीवर कोणालातरी बसव. मी फाइली जमिनीवर उतरवल्या आणि ताईंना बसवलं. त्या चष्मा सावरून एकेक ओळ वाचत होत्या, आणि मी प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर देत होते. दोनच प्रोग्राम अर्धवट निघाले. तीन वाजता पहिला रिपोर्ट छापून बाहेर आला आणि ताईंनी माझ्या पाठीवर धपाटा घातला. मला मात्र हसू येईना, कारण मी तुझ्या टिपणाची शेवटची ओळ वाचली होती. या वेळी सगळ्याला हो म्हणू नकोस.

या वेळी. म्हणजे तुला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी तू आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होतास, तुझ्या नावाने संगणक उघडा होता, आणि मी म्हटलं, मास्तर येईपर्यंत नवे प्रोग्राम भरून टाकू. एकटीने, शेपूट लावून. मध्येच सगळं कोसळलं तेव्हा मी खोलीचं दार लोटून घेतलं आणि जेवायला गेले. नोंदीत नाव तुझं होतं. दोन दिवस प्रयोगशाळा बंद राहिली, आणि मोठ्या डॉक्टरांनी तुला बोलावलं तेव्हा मी बाहेर पाण्याच्या यंत्रापाशी रिकामा पेला धरून उभी होते. माझं नाव आहे तर चूक माझी, एवढंच तू म्हणालास, आणि तुझी नोकरी गेली. माझं शेपूट तू शंभर आज्ञांमधून ओळखलं असतंस, हे मला तेव्हाही कळत होतं. मी ते स्वतःला कळू दिलं नाही. तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही ते रागाने नव्हे रे, भीतीने. तिसऱ्यात तू विचारशील, ही भीती.

त्या दिवसाची नोंदही त्याच कोपऱ्यात सापडली, ती मी छापून घेतली आहे. तुझ्या रजेच्या अर्जावरची आईच्या दवाखान्याची वेळ आणि त्या आज्ञेची वेळ एकच निघते. सोमवारी अकरा वाजता मोठ्या डॉक्टरांची भेट ठरली आहे. कशासाठी ते त्यांना सांगितलेलं नाही. मी स्वतःला चांगली ओळखते. सोमवारी सकाळी माझं डोकं दुखेल, ताप आल्यासारखं वाटेल, आणि अकरा वर्षं गेली तशी आणखी अकरा जातील. हे पत्र शनिवारी तुझ्या हातात पडेल. म्हणून लिहिलं. त्यानंतर हे माझ्याशिवाय आणखी कोणाला तरी माहीत असेल आणि मला पळता येणार नाही. माफी मागायची आहेच, पण ती सोमवारनंतर मागेन, आधी मागायचा मला हक्क नाही. आता फक्त एवढंच कर. अकरा वाजता जिथे असशील तिथे दोन मिनिटं बस. मी त्यांच्यासमोर नोंदीची एकेक ओळ मोठ्याने वाचणार आहे, आणि मला फार भीती वाटते आहे.

तुझीच,
घाईबाई