ढब्बीच्या मागच्या दाढा

सोमवार, ३ मार्च

आमची म्हातारी गाडी ढब्बी आज चढावर पुन्हा अडखळली! मागे आई चाकाच्या खुर्चीत. प्रत्येक गचक्याला तिची मान हिंदकळते. तरी म्हणते कशी — "असू दे गं, फुकटचा झोपाळा."

घरी आलो तर दादाचा फोन. रविवारी येतोय. गाडी चालवून बघणार, धक्के दिले तर सरळ मोडीत! "एकवीस वर्षं झाली तिला. अजून किती दिवस उरावर घेऊन बसणार?"

बोलायला काय जातं त्याचं! आईची खुर्ची तिच्यासकट आत ढकलता येते ती या एकाच गाडीत. ढब्बी गेली की आईचं गुरुवारचं पोहणं गेलं, मावशीकडे जाणं गेलं. आई घरात अडकणार. मला रडूच आलं.

मंगळवार, ४ मार्च

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं बॉनेट न उघडताच सांगितलं — स्पार्क प्लग गेलेत. एकूण सहा. पुढचे तीन हाताशी. मागचे तीन इंजिन आणि पत्र्याच्या मध्ये चेपलेले. "तिथं माझा हात जात नाही, ताई. इंजिन उतरवायला लागेल. पंधरा दिवस तरी धरा."

बाबा भडकले. "इंजिन उतरवतोय! अकरा वर्षांपूर्वी सहाच्या सहा मी घरी बदललेत. एका दुपारी!"

हा पराक्रम आम्हाला तोंडपाठ आहे. फक्त दर वेळी दुपार लहान होत जाते.

आता बाबांचे हात थरथरतात. मी म्हटलं, मी काढते. बावीस वर्षं लोकांच्या न दिसणाऱ्या दाढाच तर काढतेय! आई खो खो हसली. बाबा मात्र हसले नाहीत. "राहू दे गं, उगाच लागेल कुठं." नवलच!

गुरुवार, ६ मार्च

प्लग आणले. आईचं पोहणं चुकलं. पोहण्याची पिशवी दिवसभर मांडीवर घेऊन बसली.

शनिवार, ८ मार्च

हाताला तीन ठिकाणी खरचटलंय, नखांत काळं, आणि मी भलती खूश!

इंजिन गार होतं तेव्हाच सकाळी सुरुवात केली. पुढचे तीन अर्ध्या तासात निघाले. मग मागचे. दवाखान्यातला छोटा आरसा आणि डोक्यावरचा दिवा घेऊन बॉनेटवर पोट टेकवलं. आरशात दिसला — खोल, तिरका, अगदी अक्कलदाढच! वायर उपटली, लांब दांड्याचा पाना लावला. हलेना. जोर केला की दाढ मोडते, हे मला कोणी शिकवायला नको. थोडं मागे, थोडं पुढे... आणि सुटला! नवे प्लग दवाखान्यातल्या रबरी नळीत खोचून बोटांनीच फिरवत बसवले, म्हणजे आटे वाकडे जात नाहीत.

वायरींना खुणा करायच्या राहिल्या. दातांना खुणा करायची सवय कुठे आहे! बाबा ड्रायव्हरच्या सीटवरून सांगत होते, "लांब वायर डावीकडे." मी लावली. बाबांनी चावी फिरवली — ठों! शेजारच्यांचं मांजर भिंतीवरून पडलं.

झालं होतं असं की मी समोर उभी म्हणून बाबांनी आधीच माझी डावी बाजू सांगितली. आणि मी डावी म्हटलं की पेशंटची धरते, म्हणून ती पुन्हा उलटी केली! दोघांनी अतिशहाणपणा केला. वायरी बदलल्या आणि ढब्बी अशी सुरू झाली की कान देऊन ऐकावं लागलं.

मग जुने प्लग पुसले. पुढच्या तिघांवर निळी पट्टी. मागच्या तिघांवर पट्टी नाही, गाडीच्या कंपनीची खूण. टोकं झिजून पार गेलेली. म्हणजे जन्मापासूनचे. ते कधी बदललेच नव्हते!

मी वर बघितलं. बाबा माझ्याकडेच बघत होते. "ऊन फार झालं," म्हणाले आणि आत गेले. ऊन कसलं, सकाळपासून ढग होते.

रविवार, ९ मार्च

दादा आला. सगळ्यांना बसवून चढ चढला. एक गचका नाही! वर पोचल्यावर म्हणाला, "हरलो बुवा. राहू दे हिला." आईनं टाळ्या वाजवल्या.

उतरताना त्यानं विचारलं, "पण प्लग तर बाबांनी सगळे बदलले होते ना?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. मानेवर घाम.

"हो," मी म्हटलं. "सहाच्या सहा."

सोमवार, १० मार्च

आईनं हाक मारली. बाबा बाहेर गेले होते. मांडीवर तिचा शिवणाचा डबा. तळातून तिनं तीन प्लग काढून दिले. निळ्या पट्टीचे, कोरे, पुठ्ठ्याच्या खोक्यांत.

"रंगाच्या डब्यांमागं लपवले होते त्यांनी. तुम्हा पोरांच्या हाती लागतील म्हणून मी उचलले. अकरा वर्षं झाली."

म्हणजे ती सगळे धक्के खात बसली — कशामुळे बसताहेत ते माहीत असून!

"काल तूही बोलली नाहीस," आई म्हणाली. "आता हे तू ठेव."