पन्नीतला घाम

मामाजी,

तुमच्या नावावर एक चूक लागून आहे, आणि ती तुमची नाही. साकोलीच्या हायवेवरच्या त्या दुकानांच्या इमारतीची मागची भिंत फुगली ती माझ्यामुळे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं होतील आता, आणि हे मी तुमच्या तोंडावर सांगायला पाहिजे होतं. सून सासऱ्याशी इतकं बोलत नाही म्हणावं, तर तेही खोटं. आपण दोघं दिवसभर बोलत होतो. घरात भाजीपेक्षा प्रायमरचंच बोलणं जास्त, म्हणून सासूबाई वैतागायच्या. "तुमाले सून पायजे होती का मुकडदम?" असं विचारायच्या, आणि तुम्ही म्हणायचे, "दोनी एकातच भेटल्या, तुले काय तरास?" लिहायला बसली की शाळेतली मराठी येते बघा. तुमच्यासमोर अशी बोलली नसती.

तुमचा मुलगा बसवर कंडक्टर लागला, रंगाच्या वासानं त्याचं डोकं दुखायचं, आणि मी बारावी शिकलेली, नुकतीच लग्न होऊन एकोडीला आलेली. मी तांदूळ निवडत बसली आहे आणि तुम्ही रंगाचा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात. "बाई, यावर बारीक अक्षरात काय लिवलं हाये, वाचून सांग." मी वाचलं, पहिला हात दिल्यावर चार तासांनी दुसरा हात द्यावा. तुम्ही मान हलवली. "डबा कंपनीत भरला. त्याले आपला नवतपा काय मालूम?" आणि दुसऱ्या दिवशी मला कामावर घेऊन गेलात. गावात लोक काय काय बोलले! तुम्ही तिसऱ्या दिवशीही मला घेऊन गेलात.

आपल्याकडच्या हवेशी भांडून कोणाचं भलं होत नाही, हे मी तुमच्या मागं फिरून शिकली. मे सरताना नवतप्याच्या त्या नऊ दिवसांत भिंतीला हात लावला तर चटका बसतो, ब्रश फिरायच्या आत रंग सुकतो आणि पुढच्या वर्षी त्याची भुकटी हाताला लागते. तुम्ही काम सावलीच्या मागं फिरवायचे. सकाळी पश्चिमेची भिंत, उतरत्या दुपारी पूर्वेची, आणि भर उन्हात सगळी माणसं आत, छताखाली. थंडीत तलावाकडच्या भिंतीला दहा वाजेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, दव सुकू द्यायचं. राईस मिलवाले दिवाळीत रंग मागायचे तर तुम्ही सरळ नाही म्हणायचे. "धान आलं का कोंडा उडते, वल्या रंगावर जाऊन बसते. मिल रंगवाची हाये का तिले कोंड्याची घोंगडी पांघराची हाये?" मिलचं काम शिवरातीनंतर आणि होळीच्या आत, संपला विषय. शेठ लोक फणफणत जायचे आणि पुढच्या वर्षी तुमच्याच दारात यायचे. काय ऐट होती मामाजी तुमची! रंगारी माणूस, सदऱ्यावर दहा रंगांचे डाग, आणि मोठमोठे दुकानदार तुम्हाला विचारून उद्घाटनाची तारीख धरायचे.

पावसाळा सरला की तुमची पन्नी निघायची. दुधाची पिशवी कापून, धुऊन, पुसून, भिंतीला चारही बाजूंनी टेपनं चिकटवायची आणि एक रात्र ठेवायची. सकाळी आतून घाम आलेला दिसला तर भिंत अजून ओली, थांबायचं. कोरडी दिसली तर कामाला लागायचं. तुम्ही लोकांच्या शब्दावर हसायचे, पण पन्नीच्या शब्दापुढे जात नव्हते.

त्या वर्षी भादव्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी लावून तुम्ही घरी खाटेवर, आणि साकोलीचं काम माझ्या एकटीवर आलं. माझं पहिलंच. इमारतीच्या मालकाला दसऱ्याला दुकानं उघडायची होती. दसऱ्याच्या दोन दिवस आधी आपली सगळी माणसं दीक्षाभूमीला निघतात, त्या दिवसांत कोणी ब्रश धरत नाही, तुम्हीसुद्धा कधी धरला नाही. म्हणजे दिवस मोजकेच हातात. पाच दिवस ऊन कडक पडलं होतं, समोरच्या भिंती खडखडीत झाल्या होत्या. मागच्या भिंतीला मात्र धानाची बांधी लागून होती आणि तिच्यात घोटाभर पाणी उभं होतं. ते पाणी भिंत खालून ओढत होती. मी पन्नी लावली. सकाळी जाऊन पाहिलं तर आतून थेंब. मोठे नाही, मोहरीएवढे, पण होते.

आपला हेड पेंटर पुढच्या बाजूला रंग कालवत होता. मागे मी एकटी, आणि थोड्या वेळानं मालक आला. भिंतीकडे न पाहताच म्हणाला, "म्हातारा असता तं आतापर्यंत दोन हात झाले असते. बाईच्या हातात काम देल्लं, माहीच चूक." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो वळल्याबरोबर मी पन्नी ओढून काढली, पदरानं पुसली आणि तुम्हाला फोन लावला. तुम्ही पहिलंच विचारलं, "घाम हाये का?"

"नाही मामाजी. सुकी हाये."

"बांधीत पानी?"

"थोडंसंच."

तुम्ही म्हणालात, "तू पाह्यली म्हंजे म्या पाह्यली. लाव काम."

दसऱ्याला भिंत अशी दिसत होती की येणारा-जाणारा थांबून बघायचा. दिवाळी होत नाही तोच जमिनीपासून कमरेपर्यंत फुगेच फुगे. आपण दोघं गेलो. तुम्ही वाकून एका फुग्यावर अंगठा दाबला, पाण्याची धार निघाली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. तुम्ही विचारलं असतं तर मी तिथंच सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आली. तुम्ही विचारलं नाही. मालक ओरडत आला, "कोनं पाह्यली होती भित?"

"म्या."

"तुमच्या डोळ्याले तं पट्टी होती ना!"

"एकाच डोळ्याले होती," तुम्ही म्हणालात. "बांधी सुकली का खरवडून पह्यल्यासारखी करून देतो. बाईले कायी बोलाचं नाही." मी जमिनीकडे बघत उभी. त्या घडीला मला तुमचा इतका अभिमान वाटला, आणि स्वतःची इतकी लाज, की तुमची चप्पल डोक्यावर घेऊन एकोडीपर्यंत पायी जावं असं वाटलं.

परत येताना गाडी मी चालवते आहे, तुम्ही मागे बसले आहात. तुम्ही आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणता, "तीस वर्षं झाले, पन्नी कदी लबाड बोलली नाही. आता काहून बोलली बापा?" आणि मी रस्त्याकडे बघून गाडी चालवत राहते. एवढंच होतं करायचं, गाडी थांबवायची आणि सांगायचं. मी एका बैलगाडीला बाजू दिली आणि पुढे गेली.

त्यानंतर तुम्ही एका रात्रीच्या तीन रात्री केल्या. पन्नी कोरडी निघाली तरी भिंतीला तळहात लावायचे, मग गाल लावायचे. मग मला हाक मारायचे, "तुले काय वाटते बाई?" लोक म्हणायचे, पाहा, सासऱ्यानं सुनेला कसा मान दिला. मान कसला मामाजी! ज्या माणसाला विचारून लोक तारखा धरायचे, त्या माणसाचा स्वतःवरचा भरवसा मी पुसून टाकला होता. आणि तुम्ही त्यावर चिडलाही नाहीत. उलट म्हणायचे, या उमरीतही शिकाले भेटून राहिलं, चांगलंच हाये. त्या तीन रात्रींनी पुढं आपली एकही भिंत फुगली नाही, हे खरं. पण शिकायला तुम्हाला काही नव्हतंच हो, तुम्ही आधीच बरोबर होते.

काल लाखनीला एक मंगल कार्यालयवाला घाई करत होता. मी पन्नीच्या तीन रात्री सांगितल्या. तो म्हणाला, बाकीचे तर एकच ठेवतात. तेव्हा आपला हेड पेंटर, आता डोकं पांढरं झालेलं त्याचं, मोठ्या मायेनं सांगायला लागला, "अजी शेठ, आमच्या जुन्या मालकासारखा, या बाईच्या सासऱ्यासारखा मानूस या जिल्ह्यात झाला नाही. पन त्यायची बी पन्नी एक डाव चुकली होती. तवापासून तीन राती." शेठनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणून.

हे लिहून हेड पेंटरच्या हातात द्यायचं, त्यानं चारचौघांत वाचायचं, असं ठरवून आज बसली होती. देणार नाही. वळखते मी मले. आणि आता लिहूनच राहिली तर हेबी लिहिते. काल तो सांगून राहिला होता ना मामाजी, तेव्हा मले आधी वाईट नाही वाटलं. आधी बरं वाटलं, का अजून कोणाले मालूम नाही. वाईट मागून वाटलं.